जुने मेथडिस्ट चॅपल अपंगांसाठी सुगम करताना: रस्त्यापासून बाकापर्यंत

इंग्लंडच्या खेड्यांतली मेथडिस्ट चॅपल, म्हणजे या प्रोटेस्टंट पंथाची छोटी प्रार्थनागृहे, बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. वेस्लियन, प्रिमिटिव्ह मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या शाखांनी वर्गणी काढून, मिळेल त्या चिंचोळ्या जागेवर ती उभी केली. १९३२ मध्ये या शाखा एकत्र आल्या, पण इमारती होत्या तशाच राहिल्या. म्हणून त्यांच्या अडचणीही ठरावीक आहेत. दर्शनी भिंत थेट रस्त्याला भिडलेली, दारापाशी दोन-तीन पायऱ्या, अरुंद जोडदार (दोन पाख्यांचे दार), त्याच्या आत लगेच दुसरे दार, जमिनीला ठोकलेले बाक, समोर उंच व्यासपीठ, मागे वेस्ट्री (उपदेशकाची तयारीची खोली) किंवा संडे स्कूलची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाची खोली. शौचालय असलेच तर अंगणापलीकडे.

या सगळ्यांतली एखादीच गोष्ट सुधारली तर पैसे वाया जातात. रॅम्प उत्तम बांधला, पण आतल्या दारात चाक अडले, तर त्या रॅम्पचा कुणालाही उपयोग नाही. गाडीतून उतरण्याची जागा, वाट, दार, बसायची जागा, शौचालय आणि वाचन करायचे असेल तर व्यासपीठ ही एक सलग वाट आहे. आराखडा पूर्ण वाटेचा करायचा, मग काम टप्प्याटप्प्याने केले तरी चालते.

२०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टनुसार लोकांना सेवा देणाऱ्या प्रत्येक संस्थेवर वाजवी बदल करण्याची जबाबदारी आहे, आणि त्यात चॅपलही येते. ही जबाबदारी आगाऊ विचार करण्याची आहे. ‘आमच्याकडे व्हीलचेअरवाले कुणी येतच नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. पायऱ्या असताना ते येणार कसे? बदलाचा खर्चही त्या व्यक्तीकडून घेता येत नाही.

आधी टेप आणि पाणसळ

वास्तुविशारदाला बोलावण्याआधी एक दिवस मोजमापाला द्या. पाच मीटरची टेप, दोन मीटरची सरळ पट्टी, पाणसळ आणि वही एवढे पुरे. गाडीच्या दारापासून सुरुवात करून बाकापर्यंत आणि तिथून शौचालयापर्यंत चाला. प्रत्येक पायरीची उंची, प्रत्येक दाराची मोकळी रुंदी, प्रत्येक वळण लिहून काढा. दाराची मोकळी रुंदी म्हणजे चौकटीची रुंदी नव्हे. दार काटकोनात उघडून त्याच्या पुढच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंतचे अंतर घ्यायचे, आणि मूठ आत येत असेल तर तीही वजा करायची. चौकट ८५० मिमी दिसते आणि हाती ७६० येतात, हे नेहमीचेच.

हीच फेरी एकदा संध्याकाळी, दिवे लावून करा आणि एकदा पावसात. बरोबर व्हीलचेअर वापरणारी, कमी दिसणारी आणि कानयंत्र लावणारी अशी माणसे असू द्या. यायचे बंद झालेल्यांना आवर्जून विचारा. का बंद झाले, याचे उत्तर बहुधा एखाद्या ठरावीक पायरीवर किंवा ऐकू न येणाऱ्या प्रवचनावर येऊन थांबते.

वाट

सुटी खडी काढूनच टाकावी लागते. तिच्यात व्हीलचेअरची पुढची छोटी चाके रुततात आणि काठी घसरते. पक्की, न हलणारी, १५०० मिमी रुंद वाट हवी. पाणी वाहून जायला आडवा ढाळ लागतो, पण तो १:४० (४० मिमीला १ मिमी) पेक्षा जास्त नको, नाहीतर खुर्ची सतत एका बाजूला ओढते. जुन्या फरशा ठेवायच्या असतील तर त्या उचलून पुन्हा सपाट बसवा आणि सांधे काठोकाठ भरा.

अपंगांसाठी राखलेली गाडीची जागा २४०० बाय ४८०० मिमी असते, तिच्या बाजूला आणि मागे १२०० मिमीचा मोकळा पट्टा लागतो. दाराजवळ अशी एक जागा काढता आली तरी मोठे काम होते.

वाटेच्या दोन्ही बाजूंना थडगी असतील तर खोदाईचा निर्णय घाईने घेऊ नका. दगड एकीकडे आणि दफन दुसरीकडे असे जुन्या आवारात असू शकते. मानवी अवशेष हलवायला इंग्लंड आणि वेल्समध्ये परवाना लागतो. शक्य तिथे खणण्याऐवजी भर घालून वाट उचलणे बरे.

रॅम्प: सौम्य उतार लांब पडतो, हा गैरसमज

इंग्लंडच्या इमारत नियमांतल्या ‘भाग एम’च्या (इमारतीत प्रवेश आणि वापर) मार्गदर्शक दस्तऐवजात उताराचे गणित स्पष्ट आहे. उतार १:२० असेल तर एक सलग टप्पा १० मीटरपर्यंत चालतो आणि तेवढ्यात ५०० मिमी चढ होतो. १:१५ ला टप्पा ५ मीटर आणि चढ ३३३ मिमी. १:१२ ला टप्पा फक्त २ मीटर आणि चढ १६६ मिमी. दोन टप्प्यांच्या मध्ये १५०० मिमीचा सपाट थांबा लागतो, वर आणि खाली किमान १२०० मिमीचा, आणि वरचा थांबा उघडणाऱ्या दाराच्या कक्षेबाहेर हवा.

आता तीन पायऱ्यांचे, म्हणजे ४५० मिमी चढाचे उदाहरण घ्या. १:१२ ने गेलात तर प्रत्येकी १.८ मीटरचे तीन टप्पे, मध्ये दोन थांबे, वर-खाली आणखी दोन, एकूण १०.८ मीटर. १:२० ने गेलात तर ९ मीटरचा एकच टप्पा आणि दोन टोकांचे थांबे, एकूण ११.४ मीटर. फरक अवघ्या ६० सेंटिमीटरचा! तेवढ्यासाठी उभा चढ निवडायचा आणि खुर्ची ढकलणाऱ्या सत्तरीतल्या नवऱ्याला घाम फोडायचा, यात काही शहाणपण नाही. हे गणित न मांडता ‘जागा नाही, १:१२ च बसेल’ असे कुणी म्हणाले तर कागद पुढे करा. दोन पायऱ्यांच्या ३०० मिमी चढाला १:१५ चा ४.५ मीटरचा एक टप्पा पुरतो, आणि इथेही मधला थांबा लागत नाही.

रुंदी १५०० मिमी. उघड्या कडेला १०० मिमी उंच काठ, म्हणजे चाक घसरणार नाही. दोन्ही बाजूंना ९०० ते १००० मिमी उंचीवर रेलिंग, आणि ते वर आणि खाली उताराच्या पुढे ३०० मिमी गेलेले, कारण सपाटीवर पाय टेकेपर्यंत हाताला आधार हवा असतो. रेलिंगची नळी ४० ते ४५ मिमी जाडीची गोल घ्या. गावच्या लोहाराकडून चपट्या पट्टीचे सुंदर कठडे करून घेण्याचा मोह होतो. ते दिसतात छान, पण संधिवाताने आखडलेल्या बोटांना धरता येत नाहीत आणि थंडीत गारठतात. नळीवर नायलॉनचे आवरण किंवा लाकूड असू द्या.

जुन्या पायऱ्या तोडू नका. चढ ३०० मिमीपेक्षा जास्त असेल तर रॅम्पबरोबर पायऱ्याही असायला हव्यात, असे मार्गदर्शन आहे. गुडघे दुखणाऱ्या अनेकांना लांब उतारापेक्षा रेलिंग असलेल्या तीन पायऱ्या सोप्या जातात. प्रत्येक पायरीच्या कडेला वर आणि समोर ५५ मिमी रुंदीची, दगडापेक्षा ठळक वेगळ्या रंगाची पट्टी लावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक भिंतीपाशी होते. या चॅपलची जमीन अनेकदा लाकडी असते, खाली हवेची पोकळी ठेवून तुळयांवर बसवलेली. तुळयांना हवा मिळते ती भिंतीच्या पायथ्याच्या जाळीदार विटांतून. रॅम्पचे काँक्रीट थेट भिंतीला लावून ओतले की त्या विटा बुजतात, ओल रोधणाऱ्या थराच्या वर माती-काँक्रीट चढते, आणि काही वर्षांत आत तुळयांना कोरडी कूज लागते. ती बुरशी लाकूड तर खातेच, शिवाय दगडी भिंतीतूनही पसरते. म्हणून रॅम्प आणि भिंतीमध्ये फट ठेवा, जिच्यातून हवा खेळेल आणि कचरा काढता येईल, आणि तिच्यावर जाळी टाका. जागा असेल तर स्वतंत्र खांबांवर उभा पोलादी रॅम्प आणखी चांगला. तो भिंतीला शिवत नाही आणि पुढेमागे काढताही येतो, त्यामुळे संवर्धनवाल्यांची हरकतही कमी येते.

समोर जागाच नसेल तर रस्ते विभागाच्या परवानगीशिवाय सार्वजनिक पदपथावर रॅम्प उतरवता येत नाही. मग बाजूचे दार पाहा, बहुधा संडे स्कूलच्या खोलीचे. पण ते दार मुख्य करा, सर्वांसाठी. स्वागताला उभी राहणारी माणसे, गीतपुस्तके, सूचनाफलक सगळे तिकडे हलवा. एकाच माणसाला कोळशाच्या खोलीशेजारून आत घेणे आणि बाकीच्यांना समोरून, ही वागणूक बरी नाही.

सुटा, उचलून ठेवता येणारा रॅम्प तात्पुरता म्हणून ठीक. दोन पट्ट्यांचा असेल तर तीनचाकी स्कूटर त्यावर चढत नाही. सलग फळीचा घ्या, त्यावर लिहिलेली भारक्षमता विजेच्या खुर्चीसकट माणसाच्या वजनाशी ताडून पाहा, आणि बाहेर बसल्या हाताला येईल अशी घंटा लावा.

दारे

चॅपलचे जोडदार १२०० मिमीचे असले तरी एक पाखे उघडून हाती ६०० सुद्धा येत नाहीत. जुन्या इमारतीत लोकांच्या मुख्य दाराला किमान ७७५ मिमी मोकळी रुंदी हवी. सोपा उपाय असा की उपासनेच्या वेळी दोन्ही पाखी उघडून कड्यांनी अडकवायची आणि थंडीसाठी आतल्या बाजूला काचेचे दार ठेवायचे. दुसरा उपाय सुताराचा: एक पाखे रुंद, एक अरुंद असे नव्याने करून, बाहेरून फळ्यांची रचना जुन्यासारखी ठेवायची.

खरा सापळा असतो दोन दारांमधली चिमुकली ओसरी. बाहेरचे आणि आतले दार यांत अनेकदा मीटरभर अंतर असते. खुर्ची आत शिरते, मागचे दार लागत नाही आणि पुढचे तिच्या पायांवर उघडते. आतल्या दाराचा लाकडी आडोसा मागे सरकवता आला तर उत्तम. नाही आला तर आतली दारे उलट्या बाजूला उघडतील अशी फिरवा किंवा उपासनेआधी उघडी टांगून ठेवा. दार आपोआप लागण्याचे यंत्र असेल तर त्याचा जोर मोजा: पहिल्या ३० अंशांपर्यंत ३० न्यूटन, पुढे ६० अंशांपर्यंत २२.५ न्यूटनपेक्षा जास्त नको. स्वस्त स्प्रिंगकाटा मुठीला अडकवून ओढला की अंदाज येतो.

दगडी उंबरठा मध्यभागी झिजून वाटीसारखा झालेला असतो आणि कडांना ४०-५० मिमी उंच. नवा उंबरठा १५ मिमीपेक्षा उंच नको, आणि ५ मिमीच्या वरच्या कडा उतरत्या करा. बाहेरचा थांबा उंबरठ्याच्या पातळीला आणला की पावसाचे पाणी आत यायला वाट मिळते, म्हणून दारापुढे जाळीची पन्हाळ हवीच. जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि १३ मिमीपेक्षा अरुंद ठेवा, नाहीतर काठीचे टोक अडकते.

बाक

व्हीलचेअरला ९०० बाय १४०० मिमी जागा लागते. ‘एक बाक काढला की झाले’ असे सगळ्यांना वाटते, पण होत नाही. दोन बाकांच्या पाठींमधले अंतर साधारण ८५० मिमी असते. एक बाक काढला तर मागच्या ओळीच्या गुडघ्यांआधी तेवढीच ८५० मिमी खोली मिळते, आणि खुर्चीची चाके बाकांमधल्या वाटेत राहतात. सलग दोन ओळी वाटेच्या बाजूने ९०० ते १००० मिमी आखूड केल्या की १७०० मिमी खोली मिळते. दोन्ही बाकांची उरलेली लांबी तशीच ठेवायची, म्हणजे सोबतच्या माणसाला शेजारीच बसता येते.

आखूड करताना सुताराने टोकाची नक्षीची फळी सांध्यातून सोडवावी, बैठक आणि पाठ कापावी आणि तीच फळी पुन्हा बसवावी. फळीवर आकडा कोरलेला असेल तर तो राहू द्या. कापण्याआधी बाकाखाली हात घालून पाहा. तिथून गरम पाण्याचा पाइप किंवा नळीसारखे विजेचे हीटर जात असतात. बाक बऱ्याचदा वाटेपेक्षा उंच लाकडी चौथऱ्यावर असतात. तो चौथरा त्या जागेपुरता कापून जमीन सपाट करावी लागते, नाहीतर बाक गेला तरी पायरी राहते.

अशा जागा एकाच ठिकाणी करू नका. एक पुढे, एक मध्ये, एक मागे. सगळ्यात मागे, दाराच्या वाऱ्यात बसवले की माणूस पुढच्या रविवारी येत नाही. काही बाकांना हात असलेल्या सुट्या खुर्च्यांची जोड द्या, उठताना हाताला आधार लागणारे पुष्कळ असतात.

व्यासपीठ उंचच राहणार, त्याला फार हात लावू नये. पण वाचन आणि प्रवचन खालून करता येईल असा उंची बदलणारा वाचनमंच जमिनीवर ठेवा, आणि तो सर्वांनी वापरा. उपदेशक अपंगही असू शकतो, हे धरूनच चला. प्रभुभोजनाच्या (भाकरी-द्राक्षरसाच्या विधीच्या) कठड्यापाशी गुडघे टेकता न येणाऱ्यांसाठी, उभ्याने किंवा बसून घेण्याची सोय आधीच जाहीर करा. मेथडिस्टांच्या द्राक्षरसाच्या छोट्या पेल्या थरथरत्या हातांतून निसटतात, तबकात चार-पाच थोड्या मोठ्या, अर्ध्या भरलेल्या ठेवा.

ऐकणे आणि पाहणे

पैसे कमी असतील तर सुरुवात इथून करावी, असे आमचे ठाम मत आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्यांपेक्षा नीट ऐकू न येणारे मंडळीत जास्त असतात, आणि ते तक्रार करत नाहीत.

इंडक्शन लूप म्हणजे चॅपलभोवती फिरवलेली तार. ध्वनिवर्धकातला आवाज तिच्यातून चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने जातो आणि ‘टी’ (टेलिकॉइल) या खुणेवर ठेवलेले कानयंत्र तो थेट उचलते. आयईसी ६०११८-४ हे त्याचे आंतरराष्ट्रीय मानक. ठेकेदाराकडून या मानकाप्रमाणे मोजमापाचा लेखी अहवाल घ्या, प्रत्येक बाकापाशी घेतलेल्या आकड्यांसकट. काम सोपवण्याआधी पार्श्वभूमीचा चुंबकीय गोंगाट मोजायला सांगा, आणि तो बाकांखालचे हीटर चालू करून. जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल वेगवेगळ्या वाटांनी गेलेले असले की लूपमध्ये अखंड घरघर येते. ती लूपने नाही, वायरिंग सुधारल्यानेच जाते.

लूप मायक्रोफोनमधले तेवढेच पोचवतो. प्रवचनाला मायक्रोफोन आणि सूचना मात्र मागून ओरडून, असे केले की कानयंत्रवाल्याला नेमके चहाचे आमंत्रण ऐकू येत नाही. बोलणारा प्रत्येकजण मायक्रोफोनमध्येच बोलेल, हा नियम करा. ॲम्प्लिफायरच्या स्विचवर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी लावा. झाडलोट करणाऱ्याने तो बंद केला की महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. लूप तपासण्याचे छोटे श्रवणयंत्र मिळते, ते दर रविवारी कुणीतरी कानाला लावून बाकांमधून फिरावे.

ओठ वाचणाऱ्यासाठी बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर समोरून उजेड हवा. त्याच्या मागे मोठी खिडकी असेल तर चेहरा काळा दिसतो, तिथे पातळ पडदा लावा. गीते आणि उपासनाक्रम १८ पॉइंट किंवा मोठ्या अक्षरांत छापा. ए४ पान यंत्रावर मोठे करून दिलेले ए३ हातात धरता येत नाही.

शौचालय

किमान आकार १५०० बाय २२०० मिमी. वेस्ट्रीचा एक कोपरा एवढा निघतो. बैठकीची उंची ४८० मिमी, भांड्याचा मध्य बाजूच्या भिंतीपासून ५०० मिमी, भांड्याची पुढची कड मागच्या भिंतीपासून ७५० मिमी. हात धुण्याचे छोटे बेसिन बसल्या जागेवरून हाताला यावे, कड ७२० ते ७४० मिमी उंचीवर. आडवे दांडे ६८० मिमीवर. दांडे भिंतीच्या गिलाव्यात नव्हे, आतल्या पक्क्या लाकडात किंवा दगडात ठोका. माणसाचे सगळे वजन त्यावर येते. फ्लशची मूठ मोकळ्या बाजूला. दार बाहेर उघडणारे. दांडे भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचे, पांढऱ्यावर पांढरे दिसत नाहीत.

मदतीची लाल दोरी जमिनीपासून १०० मिमीपर्यंत लोंबायला हवी, एक कडे तिथे आणि दुसरे ८०० ते १००० मिमीवर. ती गाठ मारून वर बांधलेली आढळते, आणि पडलेल्या माणसाचा हात मग तिथे पोचत नाही. भांड्याशेजारची मोकळी जागाही अशीच भरते: फरशी पुसायची बादली, ख्रिसमसची खोकी, घडीच्या खुर्च्या. खुर्चीवरून भांड्यावर सरकण्याची ती एकमेव जागा असते.

परवानग्या आणि पैसा

चॅपलची मालमत्ता चर्च कौन्सिल व्यवस्थापक विश्वस्त म्हणून सांभाळते, आणि कामाला सर्किटची, म्हणजे आसपासच्या मेथडिस्ट मंडळ्यांच्या गटाची, मंजुरी लागते. इमारत ‘लिस्टेड’ (वारसा म्हणून नोंदलेली) असेल तर इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चर्चला धार्मिक सूट आहे: वारसा संमती स्थानिक प्रशासनाऐवजी चर्चच्या स्वतःच्या यंत्रणेकडून मिळते. ही सूट तेवढ्यापुरतीच. बाहेरच्या रॅम्पला नियोजन परवानगी लागू शकते आणि इमारत नियम लागूच राहतात. आराखडा पक्का होण्याआधी, नुसत्या रेखाटनावर, चर्चच्या संवर्धन अधिकाऱ्याशी बोला. का हवे, कोणते पर्याय पाहिले आणि का सोडले, हे दोन पानांत लिहून न्या.

भिंत किंवा छत उघडण्याआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या, आणि माळ्यावर वटवाघळे आहेत का ते पाहा. त्यांना कायद्याचे संरक्षण आहे, काम थांबते.

धर्मादाय संस्थेसाठी अपंगांकरिता रॅम्प बांधणे, असलेले दार किंवा वाट रुंद करणे, आणि अपंगांसाठी शौचालय करणे यांवर शून्य दराने व्हॅट लागू शकतो. नवीन दार फोडणे यात बसत नाही. नेहमीचा दर २० टक्के असल्याने फरक मोठा पडतो. पात्रतेचे लेखी निवेदन ठेकेदाराला काम सुरू होण्याआधी द्या आणि ही कामे बिलात वेगळी दाखवायला सांगा.

काम अर्धे झाले असले तरी बाहेरच्या फलकावर आणि वेबसाइटवर नेमके आकडे लिहा: दाराची मोकळी रुंदी किती, उतार किती, किती पायऱ्या अजून आहेत, शौचालय आहे का, लूप चालू आहे का. ‘सर्वांचे स्वागत’ एवढ्यावर विजेची खुर्ची घेऊन वीस मैल कुणी निघत नाही. ७९० मिमी असे वाचले तर आपली खुर्ची आत जाईल की नाही, हे त्याला घरीच कळते.